दोघांनाही चालेल असं नाव

मी लिहायला बसलो आहे याबद्दल आधीच माफी मागतो. लिहिणाऱ्याजवळ सांगण्यासारखं काही मोठं असावं लागतं, असं मी शाळेत असल्यापासून धरून चाललो आहे. माझ्याजवळ आहे ती एका नावाची हकिकत, आणि तीसुद्धा पूर्ण माझी नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे मला सगळं कळतं असा घरच्यांचा समज आहे, आणि तो खोडून काढायचं धाडस मला कधी झालं नाही. त्या समजापायीच मी या प्रकरणात पडलो. माणसांची नावं मी इथे लिहिलेली नाहीत. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांच्या घरात मोठ्यांची नावं तोंडानं घेत नाहीत, तर मी ती कागदावर तरी का घ्यावीत?

आमचं गाव देऊळगाव राजापासून थोडं आत आहे. मी बुलढाण्याला कॉलेजात शिकतो, विषय इंग्रजी. हा विषय मी का घेतला असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. अवघड होता म्हणून घेतला, एवढंच खरं. दोघा मित्रांबरोबर एक खोली केली आहे. त्या खोलीच्या गच्चीवर मी कपडे वाळत घालत होतो तेव्हा ताईचा फोन आला. थंडीचे दिवस होते.

ताई माझी मोठी बहीण. तिला धामणगाव बढ्याच्या पलीकडे दिली आहे. माणसं चांगली आहेत, हे आधी सांगून टाकतो. घरची कपाशी आहे, मका आहे, दोन म्हशी आहेत. ताईला कुणी टाकून बोलत नाही. दाजी तर इतके कमी बोलतात की त्यांच्याशी फोनवर बोलताना लाइन तुटली की काय असं वाटतं. पण त्या घरात एक पद्धत आहे. बारसं फक्त पोराचं करायचं. पोरगी झाली तर पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, नाव ठेवायला कुणी येत नाही. कुणी मुद्दाम अपमान करतं असंही नाही. गोष्ट राहून जाते, आणि राहून गेली हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. ताईच्या पहिल्या मुलीला कितीतरी महिने सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. शेवटी अंगणवाडीच्या बाईंना लसीच्या कार्डावर काहीतरी लिहायचं होतं म्हणून त्यांनी सुचेल ते नाव लिहिलं. नाव छान आहे. पण ते कुणी ठेवलं असं त्या पोरीनं उद्या विचारलं, तर घरातल्या कुणालाच 'मी' म्हणता येणार नाही.

आता ताईला पुन्हा दिवस गेले होते. सातवा सरत आला होता.

"तू इंग्रजीच शिकून राह्यला ना?" ताईनं विचारलं. लग्नानंतर तिची भाषा बदलली आहे. आमच्याकडचं आणि तिकडचं, दोन्ही मिसळून बोलते.

मी हो म्हणालो.

"मग मला एक नाव काढून दे. पोरगा झाला तरी तेच, पोरगी झाली तरी तेच."

मला आधी गंमत वाटली. पण ती गमतीत बोलत नव्हती. काय झालं ते आधी पाहू आणि मग नावाचं ठरवू, असं म्हणायला तिला कुणाला जागाच ठेवायची नव्हती. नाव आधीच ठरलेलं असलं, सगळ्यांना माहीत असलं, आणि ते दोघांनाही चालणारं असलं, तर थांबायला कारण काय उरतं? बारसं करावंच लागेल. ती म्हणाली, "मागच्या वेळी मी गप बसले. या वेळी नाही बसणार." मग थोडं हसून म्हणाली, "नेटमधी बरं होतं. काम झालं की नर उपटून फेकायचे."

हे नेटचं थोडं सांगायला हवं. आमच्या भागात जिकडं तिकडं शेडनेट दिसतात. आत टमाटे, मिरच्या, काकड्या असतात, पण त्या खायला नाहीत, बियाण्याला. एका वाणाच्या ओळी मादी म्हणून लावतात, दुसऱ्याच्या नर म्हणून. मादी झाडाची कळी उमलायच्या आत चिमट्यानं खोलायची, आतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी नर फुलाची पूड तिला लावायची. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. लग्नाआधी ताई हेच काम करायची, आणि बाया तिच्या हाताचं नाव काढायच्या. पूड लावायचं काम संपलं की नर झाडं मुळासकट काढून बांधावर टाकतात, कारण बी धरायचं ते मादीच्याच फळातून. ताईच्या बोलण्यावर मी हसलो खरा, पण फोन ठेवल्यावर ते हसू टिकलं नाही.

त्याच बोलण्यात मी तिला म्हणालो होतो की यासाठी इंग्रजी कशाला, आपल्यातही अशी नावं आहेत. मला सुचली ती तीन-चार मी सांगितलीही. त्यातलं पहिलं तिच्या जेठाचं, म्हणजे मोठ्या दिराचं निघालं. दुसरं सासूचं. तिसरं चुलत सासऱ्यांचं. ताई यांची नावं घेत नाही. जेठाचं नाव ज्या साध्या शब्दात येतं तो शब्दसुद्धा ती टाळते, दुसराच काहीतरी वापरते. "मग लेकराला हाक कशी मारू मी? चुटकी वाजवून?" असं तिनं विचारलं. चौथं नाव उरलं होतं, ते आमच्या गावातल्या एका भांडकुदळ बाईचं म्हणून तिनं स्वतःच खोडलं.

म्हणून इंग्रजी. त्या घरात, त्या गावात, कुणाच्याही अंगावर आधीपासून नसलेलं. हाक मारायला मोकळं.

मी मोबाइलवर शोधायला लागलो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही ठेवता येतील अशा इंग्रजी नावांची पानंच्या पानं निघाली. प्रत्येक नावापुढे अर्थ, स्वभाव, शुभ रंग आणि शुभ रत्न. दोन ठिकाणी एकाच नावाचा अर्थ वेगवेगळा. एका ठिकाणी 'शूर योद्धा' तर दुसरीकडे त्याच नावाला 'शांत कुरण'. कुणावर विश्वास ठेवावा कळेना. मला जी बरी वाटली ती मी ताईला सांगत गेलो. टेलर म्हटल्यावर तिनं अर्थ विचारला. शिंपी, असं मी सांगितलं. "मग सरळ शिंपीच म्हण की," ती म्हणाली. एका नावाचा अर्थ समुद्राशी जोडलेला होता. समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, म्हणून ते गेलं. एक नाव मलाच दोनदा म्हणता येईना.

शेवटी मी आमच्या इंग्रजीच्या मॅडमना विचारायचं ठरवलं. वर्गात मी कधी हात वर करत नाही. त्यामुळे तास संपल्यावर मी टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांना वाटलं मला बरं नाही. मी सगळं सांगितलं नाही, घरात बाळ होणार आहे एवढंच बोललो. त्या म्हणाल्या की तिकडच्या बहुतेक लोकांना आपल्या नावाचा अर्थ माहीत नसतो, कुणी विचारतही नाही. नाव कानाला बरं वाटलं, घरात आधी कुणाचं होतं, एवढं त्यांना पुरतं. मला हे नवीन होतं. आपल्याकडे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न अर्थाचाच असतो. मॅडमनी मला वाचनालयातला जाड कोश दाखवला आणि म्हणाल्या की मोबाइलवर जे सापडेल ते याच्याशी ताडून बघ, आणि जे जुळणार नाही ते सोडून दे.

तिथे मला 'रॉबिन' सापडलं. म्हणजे मोबाइलवर आधी दिसलं होतं, पण तिथे त्याचा अर्थ नुसता 'पक्षी' एवढाच दिला होता. कोशातली गोष्ट वेगळी होती, आणि ती मला समजायला दोन दुपारी लागल्या. मुळात हे 'रॉबर्ट' या नावाचं लाडाचं, छोटं केलेलं रूप. जसं आपण घरात नावाचा शेंडा खुडून हाक मारतो, तसं. रॉबर्ट हे नाव फ्रान्सकडून जे लोक राज्य करायला इंग्लंडात आले त्यांच्याबरोबर तिथे रुळलं. त्याच्या आतले दोन शब्द त्याहूनही जुने, जर्मन कुळातले: एकाचा अर्थ कीर्ती, दुसऱ्याचा लखलखीत. म्हणजे जिचं किंवा ज्याचं नाव उजळलं असं माणूस. कित्येक शतकं हे नाव पुरुषांचंच होतं.

मग पाखरू कुठून आलं? तिकडे तांबड्या छातीचा एक लहान पक्षी असतो, माणसाला फारसा न भिणारा, अंगणात येणारा. त्याला लोक आधी नुसतं 'तांबडछाती' अशा अर्थाच्या शब्दानं ओळखत. पुढे लाडानं त्याच्या आधी रॉबिन लावायला लागले, आणि होता होता पक्ष्याचंच नाव रॉबिन झालं. आपण पोपटाला राघू म्हणतो तसं. राघू हे आधी माणसाचं, मग पोपटाचं. आणि फार नंतर, त्या पक्ष्याच्या गोडव्यावरून लोक पोरींना रॉबिन म्हणायला लागले. म्हणजे नाव पुरुषांकडून पाखराकडे गेलं आणि पाखराकडून बायकांकडे आलं. आता ते दोघांचंही आहे.

तिकडून आलेल्या साहेबांनी जगात जिथे जिथे असला छोटा, शेपटी उभारणारा पक्षी पाहिला तिथे तिथे त्याला रॉबिन म्हणून टाकलं. आपल्याकडेही एक आहे. पक्ष्यांच्या पुस्तकात त्याचं मराठी नाव चिरक दिलं आहे. नर काळा, शेपटीखाली विटकरी. आमच्या नेटच्या बांधावर दगडांत तो नेहमी असतो, हे चित्र पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं. सुट्टीत घरी गेल्यावर मी आईला तो दाखवून विचारलं, याला आपल्याकडे काय म्हणतात? आई म्हणाली, "चिमणी." मी म्हणालो, चिमणी वेगळी. आई म्हणाली, "मग काळी चिमणी." पुढं मी विचारलं नाही.

ताईला मी फोनवर सगळं सांगितलं. कीर्तीचं तिनं ऐकून घेतलं, पाखराचंही घेतलं. मग म्हणाली, थांब, हाक मारून बघते. फोन तसाच हातात धरून ती अंगणात गेली असावी, कारण तिचा आवाज लांबून आला. एकदा शेतातून बोलवावं तशी मोठ्यानं. एकदा रागावून. मग अगदी हळू, झोपवताना म्हणावं तसं. मागून तिची मोठी मुलगी तेच म्हणत होती.

"चालते," ताई परत येऊन म्हणाली. "ओरडता येते आन् लाडानंही म्हणता येते. आता हे लेकराच्या आत्याच्या तोंडून आलं पाहिजे."

आत्या म्हणजे ताईची नणंद. ती पिंपळगाव राजाला दिलेली आहे. वयानं ताईहून बरीच मोठी. मी त्यांनाही ताईच म्हणतो, पण घोटाळा नको म्हणून इथे नणंदबाई लिहितो. ताई म्हणाली की वेळ पाहून मी बोलेन त्यांच्याशी. पण नावाचा अर्थ, ते फ्रान्स, ते पाखरू, हे ताईला नीट सांगता येणार नाही असं मला वाटलं. मी म्हणालो, मीच जाऊन समजावून सांगतो. ताईनं म्हशीच्या दुधाचा विषय काढला. तिनं विषय का बदलला हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

एका रविवारी मी निघालो. बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटानं खामगाव, तिथून काळीपिवळी जीपनं पिंपळगाव. वाटभर मनात वाक्यं जुळवत होतो. हातात केळी होती. नणंदबाई ओट्यावर सुपात तूर पाखडत होत्या.

"काय बाबू, इकडं कुठं वाट चुकला? कॉलेज सोडून देलं का?"

मी नाही म्हणालो, बसलो, पाणी प्यालो आणि विषयाला हात घातला. ताईच्या मनात नाव आहे, दोघांनाही चालेल असं आहे, इंग्रजी आहे पण सोपं आहे. त्या पाखडत राहिल्या. सुपातला एक खडा त्यांनी बोटानं उडवला.

"कोनं काढलं हे नाव?"

"मी."

"तू कोन होय त्या लेकराचा?"

मी कोण हे त्यांना चांगलं माहीत होतं. तरी मी म्हणालो, "मामा."

"मामा बारशाले काय करते?"

 उत्तरही त्यांनीच दिलं. "मामा कपडे आनते. पेढे आनते. घुगऱ्या खाते आन् घरी जाते. नाव आत्याचं असते. हे तुह्या कॉलेजात नाही शिकवत काय?"

तेव्हा कुठे मला उमगलं. आमच्याकडे पुरुष बारशाला अंगणात बसतात. आत बायका काय करतात ते आम्हाला ऐकून माहीत. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि मग बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात, एवढं मला ठाऊक होतं. मी समजत होतो की आत्यानं नाव फक्त सांगायचं असतं, ते काढलेलं कुणाचंही असलं तरी चालतं. पण काढणं आणि सांगणं, दोन्ही तिचंच. ताईच्या माहेरच्यानं नाव घेऊन तिच्या दारात जायचं म्हणजे तिचा मान तिच्यादेखत उचलून न्यायचा. आणि तो घेऊन मी केळ्यांसकट तिथे बसलो होतो.

उठून निघून जावं असं फार वाटलं. माझा स्वभाव तसाच आहे. पण ताई फोनवर 'या वेळी नाही बसणार' म्हणाली होती तो आवाज माझ्या कानात होता. मी उठलो नाही. चुकलं म्हणालो. मला माहीत नव्हतं, हेही म्हणालो. नाव तुम्हाला दुसरं ठेवायचं असेल तर ठेवा, ताईला नावाचा हट्ट नाही, पण पोरगी झाली तरी तुम्ही या, एवढंच मागणं आहे. यातलं नावाचं मी माझ्या मनानं सांगितलं. ताईला विचारलं नव्हतं.

त्यांनी पाखडलेली तूर टोपल्यात ओतली आणि सुपात दुसरी घेतली. मग त्या म्हणाल्या, "सांग तं खरं, काय नाव हाय."

मी सांगितलं.

"हे तं कुत्र्याचं वाटते. आमच्या शेजारी होतं एक. लय भुंके."

मी गडबडून सगळं एका दमात सांगायला लागलो. कीर्ती, लखलखीत, फ्रान्सचे लोक. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणून मी राघूचं सांगितलं. राघू माणसाचं नाव आणि पोपटाचंही, तसं हे. आधी पुरुषांचं, मग पाखराचं, मग पोरींचं.

"फिरून आलं मंग," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा थोडं हसल्या.

पण लगेच गंभीर झाल्या. "पोरगी झाली आन् मी नाही आली, तं?"

"तर ताई नाव ठेवणार नाही," मी म्हणालो. हेही ताईनं मला सांगितलेलं नव्हतं. पण मला खात्री होती.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "माह्या पोरीचं नाही झालं बारसं. माहंही नाही झालं. शाळेत घालाले गेले तवा मास्तरनं जे लिवलं ते. आमी काय मेलो त्याच्यानं?"

कॉलेजात शिकलेलं काहीही तिथे कामाचं नव्हतं. मी ओट्यावर सांडलेले दाणे वेचायला लागलो. त्यांनी चहा केला, साखर जास्त घातली. निघताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "हे नाव आता कोनापाशी बोलू नको. बारशाच्या आंधी फुटत नसते." याचा अर्थ हो की नाही, हे मला खामगावपर्यंत कळलं नाही, घाटात कळलं नाही आणि खोलीवर येऊनही कळलं नाही.

होळीच्या सुमारास ताईला बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलं. मी जवळच असल्यामुळे डबा, चहा, औषधं माझ्याकडे होती. मुलगी झाली. सासूबाई बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, दोघी बऱ्या आहेत ना? बऱ्या आहेत म्हटल्यावर हात जोडले, आणि ताईला स्वतःच्या हातानं शिरा भरवला. वाईट वागल्या असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त नाव आणि बारसं हे शब्द त्या दवाखान्यात कुणीच काढले नाहीत. नणंदबाईंचा फोन आला होता. तब्येत विचारली आणि ठेवला.

बारावा दिवस आला आणि गेला.

त्यानंतर जे ताईनं केलं ते मी फोनवरूनच ऐकत होतो. तिनं बाळाला नाव ठेवलं नाही. घरातले 'बाई' म्हणत, शेजारणी 'ठकी' म्हणत, मोठी मुलगी तर पाठ झालेलं नाव म्हणू बघायची, पण ताईनं तिलाही गप्प केलं. ताई स्वतः बाळाला कोणत्याच नावानं बोलवत नव्हती. उचलून घ्यायची, पाजायची, अंगाला तेल लावायची, पण हाक नाही. अंगणवाडीच्या बाई आल्या तेव्हा ती म्हणाली, हिची आत्या आली नाही अजून, ती सांगेल ते लिहा. बाई म्हणाल्या, मी मागच्या वेळी दिलं होतं तसं एखादं देऊ का? ताई म्हणाली, "उपकार झाले बाई तुमचे, पण या वेळी नको."

सासूबाई चिडल्या. पण त्यांचा राग वेगळाच होता. त्यांचं म्हणणं, तुला जे पाहिजे ते ठेव ना, कोण अडवून राह्यलं तुला? आणि खरंच कुणी अडवत नव्हतं. मीसुद्धा एकदा फोनवर ताईला म्हणालो की सगळे तयार आहेत, तर तूच म्हणून टाक ते नाव. ती माझ्यावर चिडली. आयुष्यात इतकी कधी चिडली नव्हती.

"परवानगी कोण मागून राह्यलं? मला बारसं पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी ठेवलं तर ते माझ्यापुरतं राहील. आत्यानं कानात सांगितलं की पोरगी या घराची होते. तुला समजून नाही राह्यलं का?"

समजलं. उशिरा समजलं, पण समजलं. एक नाव शोधलं की काम झालं असं मी धरून चाललो होतो. ताईचं काम त्यापुढे सुरू होत होतं, आणि ते तिला एकटीलाच रेटायचं होतं.

गावात बोलणं सुरू झालं. विहिरीवर, गिरणीवर बाया सासूबाईंना विचारायच्या, "काय हो, नात अजून बिनानावाचीच हाय का?" एकीनं तर आणखी पुढे जाऊन म्हटलं म्हणे, नावं महाग झाली वाटते तुमच्याकडं. सासूबाई घरी येऊन भांडी आपटायच्या. दाजी काही बोलत नव्हते. ताई म्हणाली, ते तर बोलतच नाहीत, त्यांचं सोड. मला पुन्हा पिंपळगावला जावंसं वाटे. पण एकदा जाऊन मी काय केलं होतं ते आठवे, आणि फोन हातात घेऊन मी खाली ठेवी. या गोष्टीत माझं काम आता थांबण्याचं होतं. थांबणं मला सोपं जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

परीक्षा सुरू झाल्या. ऊन वाढलं. पेपर लिहिताना मधेच माझ्या मनात येई की ते बाळ आता मान धरायला लागलं असेल, आणि त्याला हाक मारायला अजून कुणाजवळ काही नाही. मग मी पुन्हा प्रश्न वाचायला लागायचो.

एक पेपर संपवून मी बाहेर आलो, निंबाच्या झाडाखाली सायकल काढत होतो, तेव्हा फोन वाजला. दाजींचा होता. दाजी मला कधी फोन करत नाहीत. 

"पेपर झाला?" त्यांनी विचारलं.

झाला म्हणालो.

मग नेहमीप्रमाणे शांतता. लाइन तुटली का म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"हाव, हाव, आहो मी," दाजी म्हणाले. "काल पिंपळगावची मोठी बहीण आली होती."

मी सायकल पुन्हा झाडाला टेकवली आणि ऐकत राहिलो. दाजी बोलत असताना मधे बोललं तर ते थांबतात.

न बोलावताच आली, ते म्हणाले; भाची अजून तिच्यासाठीच बिनानावाची थांबली आहे हे तिच्या कानावर गेलं होतं. तिच्या घरचा पाळणा टेम्पोत घालून घेऊन आली, गहूसुद्धा तिकडूनच भिजवून आणले होते. आल्या आल्या आईला म्हणे तू बस, तुझं काही काम नाही. गल्लीतल्या बायांना स्वतः दारोदार जाऊन बोलावलं. आईनं आधी तोंड फिरवलं, पण बाया जमल्यावर घुगऱ्यांचं पातेलं आईनंच खाली उतरवलं. दाजी अंगणात बसले होते, त्यांना आतलं दिसलं नाही. पण धपाट्यांचा आवाज बाहेरपर्यंत आला. बायांनी मागची सगळी कसर काढली म्हणे, बहिणीची पाठ रात्रीपर्यंत दुखत होती.

"आणि नाव?" मी विचारलं. माझ्याच्यानं आता राहवलं नाही.

"तेच," दाजी म्हणाले. "तू सांगितलं ते." मग पुन्हा थोडं थांबून, हळू आवाजात, कुणी ऐकू नये असं, म्हणाले, "पन एक हाय. बहीण अख्ख्या गावाले सांगून राह्यली का हे नाव तिनंच शोधून काढलं."